सतरा नंबरची लॉरी आणि इंदूअक्का

नंदिनीने मला ती बातमी आधी कन्नडमध्ये सांगितली. सकाळपासून ती बसवनगुडीतल्या शेजाऱ्यांना, आईच्या जुन्या ओळखीच्या माणसांना फोन करत होती आणि त्याच ओघात तिने माझा नंबर लावला होता. दोन वाक्यं बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हा फोन पुण्याला लागलाय. ती थांबली. मग मराठीत, अगदी हळू, "सुधीरकाका, आई गेली," एवढंच म्हणाली… मी भाजीची पिशवी घेऊन जिन्यात उभा होतो. पिशवी पायरीवर ठेवली आणि तिथेच बसून राहिलो. इंदूअक्कांचं वय झालं होतं, वर्षभर तब्येत खालावत चालली होती, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी वरच्या मजल्यावरचे जोशी "काय झालं?" विचारत खाली आले तेव्हाही मी पायरीवरच बसलेलो होतो. "माझ्या पहिल्या नोकरीतल्या अक्का गेल्या," असं काहीतरी मी म्हणालो. ते मान हलवून निघून गेले, आणि मला वाटलं, आपण फारच थोडं सांगितलं.

ते राहिलेलं सांगावं म्हणून पाच आठवड्यांनी हे लिहितोय. या पुरवणीच्या वाचकांनी इंदूअक्कांचं नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही. त्यांनी पुस्तक लिहिलं नाही, त्यांना कुठली पदवी मिळाली नाही. पण आज आपण फोनवर रिक्षेचा ठिपका सरकताना बघतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. तसे ठिपके, शेकडो दिवसांचे, एका मामुली संगणकात दाबून बसवायचे आणि विचारलं की क्षणात शोधून द्यायचे, ही करामत या बाईंनी नव्वदच्या दशकात बंगळूरमध्ये केली होती. मी तिथे होतो. मी ती पाहिली. याचा मला आजही फार अभिमान वाटतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

मी पुण्याहून पदवी घेऊन गेलो तेव्हा आमचं ऑफिस बसवनगुडीत एका वह्या-पुस्तकांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. सात माणसं, तीन संगणक आणि मूर्तीसाहेब नावाचे एक सज्जन, भिडस्त मालक. अक्का तिथे सगळ्यांत मोठ्या, पन्नाशीच्या आसपास. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हणालो तर त्या म्हणाल्या, इथे मला कुणी तसं म्हणत नाही, तू पण अक्का म्हण. त्यांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं. घरात मराठी, पण ती आपल्या कानांना वेगळीच लागायची. "स्वल्प थांब", "सरी, मग असं कर" म्हणजे थोडं थांब, बरं, मग असं कर, हे त्यांच्या बोलण्यात इतकं सहज यायचं की ते कन्नड आहे हे त्यांच्या गावीही नसे. मी तेव्हा तेवीस वर्षांचा आणि पुण्याचा. एकदा त्यांच्या मराठीला हसलो. त्यांनी विचारलं, तुला कन्नड शब्द किती येतात? मी म्हणालो, चार. "मग माझ्या मराठीत तुझ्या मराठीपेक्षा बरेच जास्त शब्द आहेत," असं शांतपणे म्हणून त्या कामाला लागल्या. मी पुन्हा हसलो नाही.

तरुणपणी त्या नकाशांच्या एका कचेरीत ट्रेसिंगचं काम करत. पारदर्शक कागदावर शाईने रस्ते, तळी, गावांच्या हद्दी गिरवायच्या. वीसेक वर्षं त्यांनी ते केलं. मग चाळिशीत, नंदिनी शाळेत जायला लागल्यावर, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन प्रोग्रॅमिंग शिकल्या. वर्गातली बाकीची मुलं त्यांच्या निम्म्या वयाची होती. या गोष्टीचं त्यांना कौतुक नव्हतं आणि संकोचही नव्हता.

आमचं एकच मोठं गिऱ्हाईक होतं, लॉऱ्यांची वाहतूक करणारी एक कंपनी. तिच्या पन्नासेक लॉऱ्या बंगळूर आणि त्याच्या पूर्वेच्या होसकोट्याच्या कारखान्यांमधून माल नेत-आणत. प्रत्येक लॉरीत उपग्रहावरून जागा कळणारं एक यंत्र बसवलं होतं; तेव्हा ते फार नवं होतं. यंत्र दर मिनिटाला लॉरी कुठे आहे ते टिपून ठेवायचं, आणि लॉरी डेपोत परत आली की ती नोंद फ्लॉपीवरून आमच्याकडे यायची. अडचण अशी की या नोंदींनी संगणक भरून जाई. महिन्याभरात जागा संपायची, मग जुन्या नोंदी पुसाव्या लागत. आणि काल दुपारी दोन ते तीनमध्ये वाटेतल्या के. आर. पुरमला कोणकोणत्या लॉऱ्या होत्या, एवढं विचारलं तरी यंत्र सगळ्या लॉऱ्यांची सगळी मिनिटं चाळत बसे. आम्ही प्रश्न टाकून खाली कॉफी प्यायला जात असू. वर आलो तरी उत्तर आलेलं नसे.

मूर्तीसाहेब मोठा संगणक घ्यायचा विचार करत होते. अक्कांनी त्यांच्याकडे दोन महिने मागितले आणि एक आलेखाची वही घेऊन बसल्या. नकाशे गिरवताना वीस वर्षं त्यांनी एक गोष्ट पाहिली होती, ती म्हणजे नकाशाचा बहुतेक भाग रिकामा असतो. लॉऱ्या रस्त्यावर असतात, शेतात नाही. म्हणून त्यांनी सगळ्या मुलखाचा एक मोठा चौकोन केला, त्याचे चार केले, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार. ज्या चौकोनात एकही लॉरी नाही तिथे एक शून्य लिहायचं आणि थांबायचं. त्याच्या पोटात आणखी शिरायचंच नाही. जिथे लॉरी आहे तिथे एक लिहायचा आणि पुढचे चार चौकोन बघायचे. असं करत करत एखाद्या मोठ्या वस्तीएवढ्या चौकोनापर्यंत उतरायचं. तेव्हाची ती यंत्रं शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायची, उभी लॉरीसुद्धा नाचताना दिसायची. म्हणून चौकोन त्याहून लहान करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. जेवढं आपल्याला खरोखर माहीत आहे तेवढंच लिहायचं, त्याच्यापेक्षा बारीक लिहिलं तर ती थाप होईल, असं त्या म्हणत. आणि लॉरी एकदा कुठे आहे हे लिहिलं की पुढच्या मिनिटाला पूर्ण जागा पुन्हा लिहायची नाही. शेजारच्या कोणत्या चौकोनात गेली, की आहे तिथेच राहिली, एवढी एकच छोटी खूण पुरे.

नोंदी एकदम आक्रसल्या. पण नवीनच फजिती उभी राहिली. सतरा नंबरची लॉरी चार वाजता कुठे होती हे सांगायला सकाळी सहापासूनची प्रत्येक खूण मोजत यावं लागे. उत्तर पूर्वीपेक्षाही हळू येऊ लागलं. मूर्तीसाहेबांनी मोठ्या संगणकाचं माहितीपत्रक पुन्हा टेबलावर काढून ठेवलं. दोन दिवस अक्का वही उघडून बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, मी लॉरीतून जाऊन येते.

त्या खरोखरच गेल्या. सतरा नंबर मुनियप्पा चालवायचा. होसकोट्याकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. सुती साडीतल्या, हातात डबा घेतलेल्या अक्का केबिनमध्ये चढल्या तेव्हा तो इतका अवघडला की के. आर. पुरमच्या रेल्वे फाटकापर्यंत त्याने तोंड उघडलं नाही. फाटक बंद होतं. तेव्हा ते फाटक म्हणजे एक शिक्षाच होती, अर्धा-पाऊण तास कुठे गेला कळायचं नाही. दोघांनी अक्कांच्या डब्यातला लिंबू पिळलेला चित्रान्नाचा भात खाल्ला. अक्कांनी त्याला विचारलं, वाटेत कुणी तुला विचारलं की किती आलास, तर तू कसं सांगतोस? घरापासून मोजतोस? तो म्हणाला, घरापासून कोण मोजतं अम्मा, मागचा मैलाचा दगड आठवायचा आणि तिथून पुढे थोडं मिळवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात पोचलो तर अक्का माझ्या आधी आलेल्या आणि त्यांना उपाय सापडलेला. दर तासाला सगळ्या लॉऱ्यांचा पूर्ण नकाशा, चौकोनांचा, एकदा लिहायचा. मधल्या मिनिटांच्या फक्त खुणा. कुठलीही वेळ विचारली की मागच्या तासाच्या नकाशापासून मोजायचं. त्या पूर्ण नकाशाला त्यांनी प्रोग्रॅममध्ये नाव दिलं होतं 'कल्लु'. कन्नडमध्ये दगड. आणि मग त्यांना आणखी एक सुचलं. लॉऱ्या रोज त्याच रस्त्याने जातात, त्यामुळे खुणांच्या त्याच त्याच माळा पुन्हा पुन्हा येतात. फाटकापासून होसकोट्यापर्यंतची माळ एकदाच लिहायची, तिला एक आकडा द्यायचा, आणि पुढे नुसता तो आकडा वापरायचा. त्या आकड्यापाशी हेही लिहून ठेवायचं की ही माळ एकूण किती मिनिटांची, ती लॉरीला कुठून कुठे नेते आणि वाटेत कुठवर पसरते. म्हणजे शोधताना माळ सोडवून बघायची गरजच नाही. हवी ती जागा तिच्या पसाऱ्यात नसेल तर अख्खी माळ ओलांडून पुढे जायचं.

दोन महिने पुरे व्हायला चार दिवस होते. प्रश्न टाकला आणि मी सवयीने कॉफीला निघालो, तर अक्का म्हणाल्या, "बस. आलं उत्तर." मी वळून बघितलं. पडद्यावर चार लॉऱ्यांचे नंबर होते.

पुढे एकदा परदेशात शिकून आलेला एक हुशार तरुण सल्लागार आमच्याकडे आला होता. वर्षभराच्या नोंदी किती जागेत मावल्या आहेत हे अक्कांनी सांगितल्यावर तो नम्रपणे म्हणाला, आपण एखादं शून्य विसरलात का? अक्कांनी आपली खुर्ची त्याला दिली आणि हवं ते विचारून बघायला सांगितलं. तो तासभर विचारत राहिला… वेळ, जागा, जागा आणि वेळ, उलटसुलट. उठताना त्याने विचारलं की हे आपण कुठे वाचलंत. अक्का म्हणाल्या, "वाचलं नाही. केलं." त्या दिवशी घरी जाताना गांधी बाजारात त्यांनी आम्हा सगळ्यांना डोसे खायला घातले, आणि स्वतः दोन खाल्ले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते प्रकरण झालं. फाटकाच्या पुढे, होसकोट्याच्या रस्त्यावर, सायकलवरून जाणाऱ्या एका शाळामास्तरांना भरदुपारी एका लॉरीने उडवलं आणि ती न थांबता निघून गेली. मास्तर वाचले, पण पायाचं हाड मोडलं. बघणाऱ्यांनी लॉरीचा रंग सांगितला. रंग आमच्या गिऱ्हाईक कंपनीच्या लॉऱ्यांचा होता. कंपनीने मुनियप्पाचं नाव दिलं, कारण त्या सुमारास त्या रस्त्यावर तोच होता असं त्यांचं म्हणणं. पोलिसांनी त्याला नेलं. त्याची बायको दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात आली, कारण त्याने तिला तेवढंच सांगितलं होतं: बसवनगुडीला जा, अम्मांना विचार मी कुठे होतो.

अक्कांनी तिला बसवलं आणि नोंद काढली. त्या वेळी सतरा नंबर फाटकापाशी होती. फाटकाच्या चौकोनात सलग अडतीस मिनिटं उभी. मग त्यांनी उलटा प्रश्न टाकला, अपघाताच्या चौकोनात त्या अर्ध्या तासात कोण होतं? एकच नंबर आला. नऊ. नऊ नंबर लॉरी कंपनीच्या मालकांचा मेहुणा चालवायचा.

दुपारी मालकांचा फोन आला. मूर्तीसाहेबांनी तो घेतला आणि घामाघूम झाले. मालकांचं म्हणणं गोड शब्दांत होतं. यंत्रं नवी आहेत, चुकत असतील, नोंद जरा तपासून दुरुस्त करून द्या. आपला करार पुढच्या महिन्यात नवा करायचाच आहे. आम्ही सात माणसं त्या एका करारावर जगत होतो, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. मूर्तीसाहेबांनी अक्कांना हळूच विचारलं की नोंद बदलता येते का. मला वाटलं, त्या नाही म्हणतील आणि विषय मिटेल.

"येते," अक्का म्हणाल्या. "दिवसभराची वाट नव्याने खोटी लिहावी लागेल. मला ती लिहिता येईल, दुसऱ्या कुणाला येणार नाही. म्हणून मी लिहिणार नाही."

मूर्तीसाहेबांनी रुमालाने घाम पुसला. मग म्हणाले, "सरी." त्या भिडस्त माणसाचंही मला तेव्हा फार कौतुक वाटलं, आजही वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथे मालकांचा माणूस आधीच बसला होता आणि त्याच्याकडे डेपोतल्या फ्लॉपीवरून छापून घेतलेला कागद होता. आम्हीच डेपोला देत असू त्या नोंदीची दुसरी प्रत. पण त्या प्रतीत सतरा नंबर फाटकापाशी थोडाच वेळ थांबून अपघाताच्या जागी गेलेली दिसत होती. कुणीतरी हुशारीने मधल्या काही खुणा बदलल्या होत्या. इन्स्पेक्टर वैतागले. दोन कागद, दोन गोष्टी, यातलं खरं कोणतं हे मी कसं ठरवू, असं ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं. बाकावर मुनियप्पा खाली मान घालून बसला होता.

अक्कांनी इन्स्पेक्टरांकडे एक नकाशा मागितला. भिंतीवरचाच मिळाला. त्या कन्नडमध्ये, मुलांना शिकवावं तशा, म्हणाल्या की आमच्या नोंदीत प्रत्येक मिनिटाला लॉरी आधीच्या जागेपासून कुठे सरकली एवढंच असतं. मधे एक पाऊल वाढवलं की पुढची सगळी पावलं तेवढीच पुढे सरकतात. मग त्यांनी मालकांच्याच प्रतीतल्या खुणा एकेक वाचायला सुरुवात केली आणि मला नकाशावर पेन्सिल ठेवायला सांगितली. अपघाताच्या जागेपासून लॉरी निघाली. पूर्वेला, पूर्वेला, परत पूर्वेला. होसकोट्यातलं कंपनीचं गोदाम आलं. लॉरी थांबली नाही. माझी पेन्सिल गोदाम ओलांडून होसकोट्याच्या तळ्यात शिरली. "इथे वीस मिनिटं उभी," अक्का म्हणाल्या, "आणि आता तासाचा पूर्ण नकाशा येतो. त्यात ती एका मिनिटात परत गोदामात."

इन्स्पेक्टर उठून नकाशाजवळ आले. पेन्सिलीच्या टोकाकडे बघितलं. मग मालकांच्या माणसाला त्यांनी विचारलं की तळ्यात लॉरी धुवायला नेली होती का. खोलीत कुणीतरी हसलं. आमच्या प्रतीतली वाट त्यांनी स्वतः पेन्सिलीने काढून बघितली; ती फाटकापासून सरळ गोदामाच्या दारात जाऊन थांबली.

मग त्यांनी अक्कांना विचारलं, म्हणजे धडक नऊ नंबरने दिली ना? या प्रश्नाचं उत्तर होय असं देणं किती सोपं होतं. अक्का म्हणाल्या, नऊ नंबर त्या चौकोनात होती एवढं मी सांगू शकते. चौकोन मोठा आहे. धडक कुणी दिली ते मला दिसलेलं नाही, ते तुम्ही शोधा. त्यांनी शोधलं. मेहुण्याने संध्याकाळपर्यंत कबूल केलं. मुनियप्पाला दुपारीच सोडलं होतं. मास्तर काठी घेऊन का होईना, त्या वर्षअखेरीस शाळेत जाऊ लागले.

करार गेला. मूर्तीसाहेबांचं ऑफिस त्यानंतर वर्षभर कसंबसं चाललं आणि बंद झालं. मी पुण्याला परतलो. अक्कांनी नंतर कितीतरी वर्षं शिकवण्या घेतल्या, आणि मुनियप्पा दुसऱ्या कंपनीत लागला. हे सगळं नुकसान त्यांनी कधी त्यागासारखं सांगितलं नाही. त्यांना सांगायला आवडायचं ते तळं. प्रत्येक भेटीत एकदा तरी तळं निघायचं आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात आलं की जगात ठिकठिकाणी माणसं हाच प्रश्न सोडवतायत आणि जवळजवळ त्याच वाटेने चालली आहेत, चार चार चौकोन, मधे पूर्ण नकाशे, आणि सोडवून बघावी न लागणारी माळ. मी चिडून अक्कांना फोन केला. म्हणालो, हे तुमचं होतं, तुमचं नाव कुठेच नाही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, माळा ते कशा बांधतात ते दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आपलं बरोबर होतं." आवाजात असा आनंद होता की माझा राग मला पोरकट वाटला.

तेराव्याला मी बसवनगुडीत गेलो. नंदिनीने मागची खोली तशीच ठेवली आहे. उतरतं ट्रेसिंगचं टेबल, शाईचे डाग, खिडकीत उन्हाला ठेवलेली तुळस. जेवणं उरकल्यावर दारात एक म्हातारा उभा राहिला, पांढरं धोतर, हातात नारळ. मी ओळखलं नाही. त्याने मला ओळखलं. मुनियप्पा होसकोट्याहून दोन बस बदलून आला होता. नंदिनीने त्याला पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून तिने विचारलं की आईची आणि तुमची ओळख कशी. त्याने टेबलाच्या कडेवर हात ठेवला. मला वाटलं आता तो ठाण्यातली सगळी हकिकत सांगेल.

"मी कुठे होतो ते अम्मांना माहीत होतं," तो म्हणाला. मग नारळ टेबलावर ठेवला आणि खाली बसला.